हरळीची तहान

कोणत्याही पिकाला किती पाणी लागते हे शास्त्रशुद्ध ठरवायचे असेल, तर जगभर आधी गवताला किती लागते ते काढतात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९९८ साली पिकांच्या पाण्याविषयी जी छपन्न क्रमांकाची पुस्तिका काढली, तिच्या मुळाशी एक कल्पित हिरवळ आहे. उंची १२ सेंटिमीटर, सगळीकडे सारखी दाट, जमीन पूर्ण झाकणारी, पाण्याची ओढ कधीच न बसलेली. अशा हिरवळीतून एका दिवसात जितके मिलिमीटर पाणी हवेत जाईल, तो त्या दिवसाचा संदर्भ आकडा. मग ऊस त्याच्या किती पट, कापूस किती पट, द्राक्ष किती पट, असे प्रत्येक पिकाचे गुणांक येतात. या मोजणीचा पाया इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड संशोधन केंद्रातल्या हॉवर्ड पेनमन यांनी १९४८ साली घातला. उघडे पाणी, उघडी माती आणि गवत या तिघांतून किती बाष्प निघते, हाच त्यांच्या त्या प्रसिद्ध निबंधाचा विषय होता. आपल्याकडच्या कृषी विद्यापीठात ठिबकचा हिशेब मांडणारा विद्यार्थीसुद्धा नकळत त्याच हिरवळीपासून सुरुवात करतो.

शहरातल्या हिरवळीला पाणी देताना मात्र हे माप कुणाच्या हाताशी नसते. सोसायटीच्या बागेत, बंगल्याच्या पुढच्या अंगणात, शाळेच्या मैदानावर माळी सकाळी नळी धरतो आणि गवत ओलेचिंब दिसेपर्यंत धरून ठेवतो. उन्हाळा चढला की संध्याकाळीही धरतो. गवत पिवळे पडू लागले की कमिटीचे कुणीतरी विचारते, पाणी कमी पडतेय का? उत्तर कुणालाच नक्की देता येत नाही म्हणून आणखी पाणी सोडले जाते. हे पुस्तक त्या प्रश्नाचे उत्तर लिटरमध्ये देता यावे म्हणून लिहिले आहे. मला सांगायचे आहे ते एवढेच, की आपल्याकडच्या हिरवळीला जगायला लागते ते पाणी थोडे आहे, भर मे महिन्यात ती श्रावणासारखी दिसावी म्हणून लागते ते पुष्कळ आहे, आणि या दोन आकड्यांमधले अंतर बऱ्याच अंशी तिच्याखालच्या मातीची खोली ठरवते.

विषय उष्ण हंगामी गवतांचा आहे. म्हणजे ज्यांची खरी वाढ २७ ते ३५ अंश तापमानात होते, आणि गारठा पडला की जी थांबतात. आपली हरळी, म्हणजेच दूर्वा, यांतली सर्वांत मोठ्या पसाऱ्याची. नर्सरीत ‘सिलेक्शन वन’, ‘बर्म्युडा’ अशा नावांनी मिळतात ते बहुधा तिचेच निवडक किंवा संकरित प्रकार असतात. ‘कोरियन’ म्हणून मिळणारे दाट, गादीसारखे गवत झॉयसिया प्रजातीतले. समुद्रकाठी खारट जमिनीत वाढणारे पॅस्पॅलम, रुंद पानांचे सेंट ऑगस्टीन, अमेरिकेच्या कोरड्या मध्यभूमीतले बफेलो गवत हीही त्याच गटात येतात. इंग्लंडच्या हिरवळीचे राय, फेस्क्यू, बेंट हे थंड हंगामी गट वेगळे. हिरवळीविषयीचा आपला पुष्कळसा पुस्तकी सल्ला त्या दुसऱ्या गटावर बेतलेला असतो, आणि रोजच्या रोज थोडे थोडे पाणी देण्याची सवयही त्या गवतांना एकवेळ मानवते. हरळीला ती मानवत नाही.

हरळी त्या गटाहून वेगळी का वागते, हे कळायला आधी पानाच्या आत डोकावावे लागते. वनस्पती हवेतला कार्बन डायऑक्साइड पानांवरच्या सूक्ष्म रंध्रांतून आत घेते, आणि रंध्र उघडले की आतले पाणी बाहेर जाते. ही देवघेव कुणालाच चुकत नाही. भात, गहू, राय या वनस्पतींमध्ये कार्बन पकडणारे मुख्य विकर गरम हवेत गडबडते. कार्बन डायऑक्साइडच्या जागी ते ऑक्सिजन उचलू लागते आणि केलेली मेहनत वाया जाते. हरळी, ज्वारी, बाजरी, मका, ऊस या मंडळींनी यावर वेगळी व्यवस्था उभी केली आहे. पानाच्या बाहेरच्या पेशींत दुसरे एक विकर कार्बन पकडते, त्याचे चार कार्बनांचे आम्ल बनवते आणि ते आतल्या, शिरांभोवतीच्या पेशींना पोचवते. तिथे कार्बन डायऑक्साइड इतका साचतो की मुख्य विकराला चूक करायला वावच उरत नाही. रंध्रे थोडी उघडली तरी भागते. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या प्रयोगशाळेत हॅच आणि स्लॅक या दोघांनी १९६६ साली हा मार्ग उलगडला, तो उसाच्या पानांवर. त्याच्या अर्धशतक आधी अमेरिकेत कोलोरॅडोतल्या ॲक्रन इथे ब्रिग्ज आणि शांट्झ यांनी कुंड्यांचे वजन करून करून दाखवून दिले होते, की एक किलो वाळलेला भार तयार करायला ज्वारी-बाजरीसारख्या पिकांना सुमारे ३०० किलो पाणी लागते, गव्हाला ५०० च्या आसपास आणि लसूणघासाला ८०० च्याही वर. असे का, हे त्यांना माहीत नव्हते. आकडे मात्र बरोबर होते.

इथे एक सावधगिरी हवी. ऊसही याच गटातला आहे, आणि त्याच्या पाण्यावरून महाराष्ट्रात किती वाद झाले ते सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा काटकसरीने कार्बन पकडणारी वनस्पती एकूण पाणी कमीच पिईल, असे समजण्याचे कारण नाही. ऊस वर्षभर शेत झाकून उभा असतो, टनावारी वाढतो, म्हणून पितो. हिरवळीचेही तसेच आहे. आपण तिला वाढायला लावले, खत घातले, दर आठवड्याला कापून पुन्हा फुटायला भाग पाडले, तर ती पिणारच. तिची काटकसर आपल्या उपयोगी पडते ती आपण तिला हळू वाढू दिले तरच. हरळीवर लिहिलेल्या पुष्कळ लेखांत ‘कमी पाण्याचे गवत’ असे सरसकट म्हटलेले असते, आणि मला ते अपुरे वाटते.

किती पिते, याची एक उतरंड टेक्सास ए अँड एम विद्यापीठातल्या जेम्स बिअर्ड यांनी १९८० च्या दशकात मांडली. पाण्याची काहीच कमतरता नसताना, कडक उन्हाळ्यात दिवसाला किती मिलिमीटर बाष्प निघते, यावर ती आधारलेली आहे. बफेलो गवत ६ च्या खाली. संकरित हरळी आणि झॉयसिया ६ ते ७. सेंट ऑगस्टीन आणि पॅस्पॅलम ७ ते ८.५. टॉल फेस्क्यू आणि केंटकी ब्लूग्रास ही थंड हंगामी गवते १० च्याही पुढे. अन्न व कृषी संघटनेच्या पुस्तिकेत उष्ण हंगामी हिरवळीचा गुणांक ०.८ ते ०.८५ दिला आहे, म्हणजे त्या कल्पित संदर्भ हिरवळीच्या ८० ते ८५ टक्के. पण हेही झाले भरपूर पाणी मिळणाऱ्या हिरवळीचे. गवत पाणी मिळाले म्हणून किती वापरते आणि नाही मिळाले तर कितीत भागवते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि दुसरा आपल्या कामाचा आहे.

त्याचे उत्तर कॅलिफोर्नियाच्या दुष्काळांनी दिले. तिथल्या विद्यापीठाच्या मार्गदर्शनात उष्ण हंगामी गवतांसाठी तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. संदर्भ आकड्याच्या ६० टक्के पाणी दिले तर हिरवळ चांगली दिसते. ४० टक्के दिले तर रंग उतरतो, वाढ मंदावते, पण हिरवळ वापरता येते. २० टक्क्यांत ती तपकिरी होऊन झोपी जाते, मात्र मुळे आणि जमिनीतले खोड जिवंत राहते आणि पाऊस आला की पुन्हा फुटते. थंड हंगामी गवतांना याच तीन पायऱ्यांवर ८०, ६० आणि ४० टक्के लागतात.

हे आपल्या मापात आणू. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. गुंठा म्हणजे जवळपास १०० चौरस मीटर, तेव्हा गुंठ्यावर एक मिलिमीटर म्हणजे १०० लिटर. दख्खनच्या पठारावर एप्रिल-मे महिन्यांत संदर्भ आकडा दिवसाला ७ मिलिमीटरच्या आसपास धरायला हरकत नाही. निमकोरड्या उष्ण प्रदेशांसाठी ६ ते ८ हीच श्रेणी सांगितली जाते. म्हणजे भर उन्हाळ्यात गुंठाभर हरळीला चांगली दिसायला दिवसाला ४२० लिटर, कामचलाऊ राहायला २८० आणि नुसती जगायला १४० लिटर. शहरी पाणीपुरवठ्याचे आपल्या देशातले रूढ प्रमाण माणशी १३५ लिटर आहे. हिरवळ चांगली दिसण्याचा खर्च तीन माणसांचा, आणि जगण्याचा एका माणसाचा.

आता नळीकडे पाहू. अर्ध्या इंची नळीतून बऱ्यापैकी दाबाने मिनिटाला १५ लिटर पाणी येते. सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी अर्धा तास धरली, तर ९०० लिटर झाले. चांगल्या दिसण्याच्या पाण्याच्याही हे दुपटीहून जास्त आहे. ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांचा संदर्भ आकडा सरासरी ५ मिलिमीटर धरला, तर ६० टक्क्यांच्या हिशेबाने गुंठ्याला ७२,००० लिटर लागतात, म्हणजे दहा हजारी सात टँकर. रोज ९०० लिटरने हाच आकडा दोन लाखांच्या वर जातो. सोसायटीच्या वार्षिक सभेत टँकरच्या बिलावरून तावातावाने बोलले जाते, पण बागेचा वाटा त्यातून वेगळा काढून ठेवलेला क्वचितच दिसतो. बागेच्या नळाला वेगळे मीटर बसवा, ही या पुस्तकातली सर्वांत स्वस्त सूचना आहे.

मग एवढे जास्तीचे पाणी घालूनही गवत पिवळे का पडते? इथे मातीचा विषय येतो, आणि मला त्यावर थोडे रेंगाळायचे आहे, कारण हिरवळीच्या पाण्याविषयी वाचलेल्या प्रयोगांत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो याच मुद्द्यावरचा आहे.

टेक्सासमधले सॅन अँटोनियो हे शहर कडक उन्हाळ्याचे आणि पाण्याची नेहमी काळजी असलेले. तिथे २००६ आणि २००७ साली हिरवळीच्या पंचवीस वाणांची परीक्षा घेण्यात आली. हरळी, झॉयसिया, सेंट ऑगस्टीन, बफेलो, सगळी उष्ण हंगामी. पाऊस आला की सरकत येऊन वाफे झाकणारे छप्पर उभारले आणि भर उन्हाळ्यात साठ दिवस एक थेंबही पडू दिला नाही. एका भागात गवताखाली मूळची खोल माती होती. दुसऱ्या भागात फक्त चार इंच मातीचा थर ठेवला होता. साठ दिवसांनंतर पुन्हा पाणी दिल्यावर खोल मातीतले वाण पुन्हा हिरवे झाले. चार इंचांवरचा एकही वाण तगला नाही. कोणते गवत निवडावे याची चर्चा जगभर चालते, आणि इथे वाणांमधला फरक मातीच्या खोलीपुढे फिका पडला होता.

मंगळवेढ्याच्या शेतकऱ्याला हे ऐकून नवल वाटणार नाही. तिथली मालदांडी ज्वारी पाऊस सरता सरता पेरतात आणि पुढे तिला पाणी जवळजवळ मिळतच नाही. खोल काळ्या मातीने पावसाळ्यात जे धरून ठेवले, त्यावर ती कणसात येते. ज्वारीचे पान हरळीच्या पानासारखेच काम करते, हे वर आलेच आहे. पान काटकसरी आणि खाली मातीची कोठी खोल, असे दोन्ही जुळले की पाणी न देता पीक निघते.

हिशेब असा. मध्यम प्रतीची दुमट माती एका मीटर खोलीत मुळांना घेता येईल असे साधारण १५० मिलिमीटर पाणी धरते. चार इंचांत त्याचे झाले १५ मिलिमीटर. त्यातले निम्मे संपले की गवताला ओढ बसू लागते, म्हणजे हाताशी राहिले सातेक मिलिमीटर. मे महिन्यात दिवसाला चार-साडेचार या दराने ते दोन दिवसही पुरत नाही. आणि नळीने दिवसाला ९ मिलिमीटर ओतले, तर धरायला जागाच नसल्यामुळे उरलेले मुरमातून खाली निघून जाते. माळ्याने संध्याकाळी नळी धरली नाही तर परवा गवत सुकेल, हे खरेच असते. तो आळसाने किंवा अज्ञानाने जास्त पाणी देत नसतो. त्याला दिलेल्या जमिनीत दुसरे काही करता येत नाही. तीच माती दीड फूट असती, तर हाताशी ३० मिलिमीटरपेक्षा जास्त राहिले असते आणि आठवड्यातून एकदा पाणी पुरले असते.

पुण्या-मुंबईकडच्या नव्या सोसायट्यांत हिरवळीखाली काय असते ते खणून पाहावे. वर चार-सहा इंच विकत आणलेली लाल माती, खाली मुरूम, त्याखाली बांधकामाचा राडारोडा, आणि बागेखाली वाहनतळ असेल तर काँक्रीटचा स्लॅब. हे करणाऱ्याचे काम इमारतीचा ताबा देण्याच्या दिवशी बाग हिरवी दिसण्यापुरते असते. ती हिरवी ठेवण्याचा खर्च पुढची वीस-तीस वर्षे राहणाऱ्यांनी भरायचा. सॅन अँटोनियोने नव्या हिरवळीखाली किमान चार इंच माती आणि उन्हाळ्यात झोपी जाऊन परत उठणारेच वाण हवेत, असा नियम केला आहे. चार इंच मला अपुरेच वाटतात, पण नियम आहे हेच मोठे. आपल्याकडे बांधकामाच्या नियमांत हिरव्या जागेचे क्षेत्रफळ मोजतात. तिची खोलीही मोजावी, असे मला मनापासून वाटते.

जुनी माती काढून नवी भरणे सगळ्यांना शक्य नसते, हे मान्य. तरी आहे त्या मातीत पुष्कळ करता येते, आणि पुस्तकाचा मधला भाग त्यालाच दिला आहे. थोडक्यात सांगायचे तर, गवताला तहान लागली की ते आधी कळवते. पानांचा रंग पोपटी-हिरव्यावरून निळसर-करडा होतो, पाती मुडपतात, आणि हिरवळीवरून चालल्यावर पावलांचे ठसे लवकर पुसले जात नाहीत. या तीन खुणा दिसेपर्यंत थांबावे, मग माती खोलवर भिजेल इतके पाणी द्यावे आणि वाफसा येऊन पुढे कोरडी होईपर्यंत पुन्हा देऊ नये. शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. वरचेवर शिंपडलेले पाणी वरच्या दोन इंचांत राहते, मुळेही तिथेच राहतात, आणि नळ एक दिवस बंद राहिला तरी अशी हिरवळ लगेच माना टाकते. खोल जमीन मिळाली तर हरळीची मुळे चार-पाच फूटही जातात. काळ्या रानात हरळी समूळ काढायला निघालेल्या शेतकऱ्याला तिचा जमिनीखालचा पसारा माहीत आहे. उन्हाळी खोल नांगरट करून काशा वेचून उन्हात टाकाव्या लागतात, तरी कुठेतरी एखादे पेर राहते आणि मृगात वर येते. ज्या चिवटपणामुळे ती रानात नकोशी होते, तोच बागेत आपल्या कामाचा आहे.

पिवळेपणाचे प्रत्येक कारण तहान नसते, हेही ध्यानात घ्यावे. हरळीला सावली सोसत नाही. तिची ती कार्बन पकडण्याची व्यवस्था चालवायला जास्तीची ऊर्जा लागते आणि ती उन्हातूनच येते. गुलमोहराखाली किंवा दोन इमारतींच्या मधल्या पट्ट्यात ती विरळ होते, माणसे तिथे आणखी पाणी ओततात, आणि मग तिथे लव्हाळा माजतो. हिरवळीत लव्हाळा दिसू लागला तर आधी पाणी कमी करून पाहावे. सावलीत मुळात हरळी लावूच नये. रात्रभर ओल्या राहिलेल्या पात्यांवर बुरशी येते, म्हणून पाणी पहाटे किंवा सकाळी लवकर द्यावे. उन्हाळ्यात नत्राचे खत देऊ नये, कारण ते गवताला वाढायला लावते आणि वाढ पाणी मागते. कापणीयंत्राची पाती थोडी वर ठेवावीत. कापलेले गवत तिथेच पसरू द्यावे. यांतल्या प्रत्येकाची कारणे आणि आकडे त्या त्या प्रकरणात दिले आहेत.

हिरवळीचे पाणी हा आपल्याकडे ठळकपणे सार्वजनिक चर्चेचा विषय झाला, तो २०१६ च्या एप्रिलमध्ये. मराठवाडा सलग दुसऱ्या वर्षी कोरडा होता. मिरजेहून पाणी घेऊन निघालेली पहिली रेल्वेगाडी १२ एप्रिलला लातूरला पोचली, तिच्या दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. दुसऱ्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने आयपीएलचे ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवण्याचा आदेश दिला. जनहित याचिकेत मुंबई, पुणे आणि नागपूरच्या खेळपट्ट्यांवर मिळून ६० लाख लिटर पाणी खर्च होणार असल्याचे म्हटले होते. त्या दिवसांत हा आकडा काहींना फार फुगवलेला वाटला, काहींना किरकोळ.

तो आपण आता तपासू शकतो. ७० मीटर त्रिज्येचे मैदान धरले तर क्षेत्रफळ १५,००० चौरस मीटरच्या वर जाते. उन्हाळ्यात ५ मिलिमीटरने दिवसाला ७५,००० लिटरहून जास्त. तीन मैदाने आणि स्पर्धेचे पन्नासेक दिवस धरले, तर बेरीज एक कोटी लिटरच्या पुढे जाते. म्हणजे ६० लाख हा आकडा मुळीच फुगवलेला नव्हता. लातूरला पोचलेली ती पहिली गाडी अशा एका मैदानाला आठवडाभरही पुरली नसती. क्रिकेटच्या बाजूने प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरण्याची तयारी दाखवली गेली होती. न्यायालयाने सामने हलवले ते मला त्या वेळी योग्य वाटले आणि आजही वाटते, कारण तहानलेल्या माणसांच्या शेजारी ते दृश्य बरे नव्हते. पण सामने गेले तरी मैदाने इथेच राहिली, आणि त्या सगळ्या वादात एकाही मैदानाला रोज किती मिलिमीटर दिले जाते, त्यातले किती कमी करता येईल, सांडपाणी वापरले तर मातीत मीठ किती साठेल, हे प्रश्न पुढे आले नाहीत. पुढच्या दुष्काळात ते आधीच विचारून ठेवलेले असावेत.

सांडपाण्याविषयी थोडे. वीस हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या बांधकामांना पर्यावरण मंजुरी लागते, आणि त्यामुळे मोठ्या सोसायट्यांत सांडपाणी प्रक्रिया केंद्र असते. ते नीट चालत असेल तर हिरवळीसाठी त्याच्याइतका चांगला स्रोत दुसरा नाही. हरळी खारेपणा बराच सोसते, पॅस्पॅलम तर तिच्याहूनही जास्त. मात्र त्या पाण्यातले सोडियम चिकण मातीची घडण बिघडवते, निचरा बंद होतो. आपल्या बाजूने एकच गोष्ट आहे, ती म्हणजे पाऊस. चार महिन्यांचा जोरदार पाऊस वरचे मीठ धुऊन खाली नेतो, पण निचरा असेल तरच. स्लॅबवरच्या बागेत तो आहे का, हे आधी पाहावे लागते.

हिरवळ असावीच का, हाही प्रश्न मला टाळायचा नाही. अमेरिकेतल्या लास व्हेगसच्या वाळवंटात हिरवळीचा एक चौरस फूट वर्षाला ७३ गॅलन पाणी घेतो आणि त्या जागी कोरडवाहू झाडे लावली तर १७ गॅलन लागतात, असे तिथल्या पाणी प्राधिकरणाने प्रत्यक्ष मोजले. आपल्या गुंठ्याच्या भाषेत हिरवळीचा तो खर्च वर्षाला तीन लाख लिटर होतो. तिथली बरीचशी हिरवळ थंड हंगामी फेस्क्यूची. प्राधिकरणाने हिरवळ काढणाऱ्यांना पैसे दिले, आणि २०२१ साली नेवाडा राज्याने कायदाच केला, की ज्या शोभेच्या हिरवळीवर कुणी पाऊल ठेवत नाही तिला त्या खोऱ्यात २०२७ पासून कोलोरॅडो नदीचे पाणी मिळणार नाही. मुले खेळतात ती हिरवळ राहू शकते. हा भेद मला फार पटतो. आपल्याकडे रस्त्याच्या दुभाजकावर, इमारतीच्या कडेच्या दोन फुटी पट्ट्यात, पाटी लावून पाय ठेवायला बंदी केलेल्या चौकोनात जे गवत असते, ते काढून तिथे करवंद, अडुळसा, कोरांटी लावावी. जिथे लहान मूल पडले तरी लागत नाही, म्हातारी माणसे संध्याकाळी अनवाणी चालतात, तिथे हरळी ठेवावी आणि तिला नीट जगवावे.

वाणांविषयी बोलताना एका माणसाचे नाव घेतल्यावाचून राहवत नाही. जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन इथे ग्लेन बर्टन यांनी आयुष्यभर गवतांवर काम केले. आपल्या हरळीचा आफ्रिकेतल्या तिच्या बारीक पानांच्या बहिणीशी झालेला संकर त्यांनी ‘टिफवे’ म्हणून १९६० साली दिला. जगभरच्या क्रीडांगणांवर आणि गोल्फ मैदानांवर ‘४१९’ म्हणून ओळखतात तो हाच. त्याच बर्टन यांनी बाजरीची ‘टिफ्ट २३ ए’ ही नरवंध्य ओळ तयार केली, आणि तिच्यावरून १९६५ साली भारताची पहिली संकरित बाजरी एचबी-१ निघाली. बाजरी पिकवणाऱ्या आपल्या कोरडवाहू रानांना उत्पन्नवाढीची आशा दाखवणारे बी आणि स्टेडियममधले गवत एकाच माणसाच्या हातचे. त्या बाजरीवर १९७१ च्या सुमारास गोसावी रोगाची मोठी साथ आली, कारण देशभर एकाच मादी ओळीवर भिस्त होती. टिफवेला तर बीच धरत नाही. तो कुठेही दिसला तरी एकाच रोपाचा तुकडा असतो. म्हणून मोठ्या जागेत एकाच वाणाची हिरवळ करू नये, असे मी सुचवले आहे. गावातल्या जुन्या मैदानावर, देवळामागे, तळ्याच्या काठी पिढ्यान् पिढ्या तगलेली देशी हरळी संकरित वाणाच्या शेजारी लावून पाहावी. कृषी विद्यापीठांनी अशा हरळीचे नमुने गोळा करून आपल्या उन्हाळ्यात तपासले तर ते काम फार उपयोगाचे होईल.

पठारावरच्या आपल्या माळांचा मे महिन्यातला रंग पिवळा असतो. सासवडच्या वाटेवर, नान्नजच्या माळढोक अभयारण्यात कुसळी, पवन्या, मारवेल उन्हाळाभर वाळलेलेच उभे असतात, आणि त्यांच्यात काही बिघडलेले नसते. बागेतल्या हरळीलाही सहा-आठ आठवडे तसे राहू देणे ज्यांना जमेल, त्यांना २० टक्क्यांच्या पायरीवर येता येईल. त्यासाठी कोणत्या महिन्यात पाणी किती कमी करत न्यायचे, झोपलेले गवत आणि मेलेले गवत कसे ओळखायचे, पावसाआधी शेवटचे पाणी कधी द्यायचे, याचे वेळापत्रक सातव्या प्रकरणात पुणे, सोलापूर, नागपूर आणि कोकणपट्टी अशा चार हवामानांसाठी वेगवेगळे दिले आहे.

वाचायला मात्र सुरुवात पहिल्या प्रकरणापासून करावी, आणि त्याआधी पहार घेऊन आपल्या हिरवळीत तीन ठिकाणी खड्डा खणावा. माती किती इंचांवर संपते, मुळे किती इंचांवर थांबतात, हे दोन आकडे लिहून ठेवावेत. पुढची सगळी गणिते त्या दोन आकड्यांवर केली आहेत.